बावन्न मिलिमीटरचा ठोकळा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक लांब लोखंडी टेबल दिसतं. त्यावर एकच दिवा लोंबतो आहे. डाव्या विंगेत पुठ्ठ्याची खोकी छताला टेकलेली, उजव्या विंगेत एका तिवईवर चहाची किटली. टेबलामागे छप्पन-सत्तावन्न वर्षांचा एक माणूस बसला आहे. खांदे पुढे आलेले, चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात पेन्सिल. प्रेक्षागृहात खुर्च्या नाहीत, त्या जागी लोखंडी मांडण्या आहेत आणि त्यांच्यावर कीबोर्ड, पंखे, केबलींची भेंडोळी. माणूस बराच वेळ काहीच करत नाही. मग एक सुस्कारा सोडून स्वतःशीच म्हणतो, "चला." आणि समोरच्या खोक्याची चिकटपट्टी कापतो.

यातलं काहीही मी रचून सांगत नाही. हे खरोखरच नाटकगृह होतं आणि याच फळ्यांवर मी सव्वीस वर्षं कामं केली. पुढे कंपनी मोडली, इमारत विकली गेली आणि संगणकाच्या सुट्या भागांचा एक घाऊक व्यापारी इथे गोदाम घेऊन आला. माणूस दिलदार. रंगपटाच्या मागच्या दोन खोल्या त्याने माझ्याकडेच राहू दिल्या. "बाई, तुम्ही कुठे जाणार? आणि आम्हाला चहा कोण देणार?" म्हणाला. तेव्हापासून मी उजव्या विंगेत किटली घेऊन बसते आणि समोर जे चालतं ते बघते. सवय जात नाही.

टेबलामागच्या त्या माणसाला सगळा बाजार 'पाणीवाले' म्हणायचा. एकदा एक नवा निरोप्या येऊन त्यांच्याकडे प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या मागू लागला. पाणीवाल्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. हसलेसुद्धा नाहीत. थकले की ते विनोद असेच वाया घालवायचे.

त्यांचं काम होतं पेट्या तपासायचं. संगणकाचे सगळे भाग ज्या पत्र्याच्या पेटीत बसवतात तिला या धंद्यात कॅबिनेट म्हणतात. महाग कॅबिनेटांना कोणी तपासायला लागत नाही. स्वस्तातल्यांचं मात्र अवघड असतं. पुढून काच, आत रंगीत दिवे, खोक्यावर मोठमोठे दावे, आणि उघडून बघावं तर हात आत जायला जागा नाही. पाणीवाल्यांच्या शब्दांत, "पुढून राजवाडा, आत कोंडवाडा." प्रत्येक नवा नमुना आधी त्यांच्या टेबलावर यायचा आणि ते एका कार्डावर तीनपैकी एक शब्द लिहायचे. 'परत' म्हणजे परत. 'हवा' म्हणजे साध्या पंख्यांवर भागेल. आणि 'पाणी' म्हणजे या पेटीत पाण्याने थंड करणारा संच बसतो. त्या संचात एक छोटा पंप असतो, दोन रबरी नळ्या असतात आणि गाडीत असतो तसा एक लांबट रेडिएटर, त्याला लागून तीन पंखे. तो रेडिएटर पेटीच्या छताला आतून टांगतात. छताखाली तेवढी जागा असेल तर पाणी, नसेल तर हवा.

दुकानदार खोक्यावरचं छापील काही वाचत नसत. "कार्डावर काय आहे?" एवढंच विचारायचे. स्वस्त पेटीवर 'पाणी' लिहून आलं की तिची खोकी मांडणीवर टिकत नसत. 'हवा' लिहिलेल्या मात्र वीस-वीस जाती पडलेल्या असत, त्यात एकविसावी कोणाला हवी? त्यामुळे एखाद्या कारखानदाराचा जीव टांगणीला लागायचा तो त्या एका शब्दासाठी. नमुना नाकारलेला एक जण माझ्या हातचा चहा पिता पिता म्हणाला होता, "बाई, तुमचे पाणीवाले आम्हाला पाण्यात पाहतात."

पाहत नव्हते. इतका सरळ माणूस मी नाटकातसुद्धा पाहिला नाही. पेटी आली की आधी अंगठा सगळ्या कडांवरून फिरवायचे, आतूनसुद्धा. त्या अंगठ्यावर बारीक पांढऱ्या वणांची जाळी झाली होती. मग पत्र्यावर टिचकी. मग पाठीमागचं झाकण काढून केबली दडवायला जागा किती आहे ते बघायचे. "बाई, तुमची विंग," असं त्या जागेला म्हणायचे, "पुढे सगळं छान दिसायचं तर मागे गुंता ठेवायला जागा लागते." मग पुढचा भाग, हवा आत येते की नुसतीच काच. आणि शेवटी ठोकळा.

हा ठोकळा म्हणजे खोटा रेडिएटर. खरा वापरायला गोदामाचे मालक देत नसत. त्याच्या पापुद्र्यासारख्या पात्या जरा धक्का लागला की वाकतात आणि वाकलेला कोणी विकत घेत नाही. तेव्हा नऊ वर्षांपूर्वी पाणीवाल्यांनी लाकडाचा एक ठोकळा तयार केला. लाकूड मीच दिलं. राजाच्या सिंहासनाची पाठ माझ्या खोलीत कपडे वाळत घालायला ठेवलेली होती, तिच्या दोन फळ्या त्यांनी एकमेकींना चिकटवल्या, तासल्या आणि बरोबर बावन्न मिलिमीटर जाडीच्या केल्या. रेडिएटरचे सत्तावीस, पंख्याचे पंचवीस. पेटीत एक मेलेला मदरबोर्ड, म्हणजे संगणकाची मुख्य पाटी, बसवायचा आणि तिच्या वर हा ठोकळा छताखाली सरकवायचा. गेला तर गेला. नाही गेला तर जोर लावायचा नाही, हा त्यांचा नियम. "ढकलून बसवलं त्याला बसलं म्हणत नाहीत, बाई."

त्या दिवशी दुपारी दारातून हाक आली, "कोणी जिवंत आहे का आत?"

बुटकी, गोल, पाय आपटत चालणारी, अंगात कारखान्यातला निळा एप्रन, आणि हातात स्वतः उचलून आणलेलं खोकं. पाणीवाल्यांची धाकटी बहीण. लहानपणी तिच्या पायांच्या आवाजावरून ते तिला ठमी म्हणायचे, ते पन्नाशीतही सुटलं नव्हतं.

"ये, ठमे. आवाज कमी कर. इथे काच असते."

"माझ्या पेटीला काच नाहीच आहे, घाबरू नकोस." तिने खोकं टेबलावर ठेवलं आणि धापा टाकत माझ्याकडे वळली. "बाई, साखर जरा जास्त."

पाणीवाल्यांनी खोक्याकडे पाहिलं. "काय आहे?"

"कॅबिनेट. मी केलंय."

"तू तर पत्रपेट्या करतेस."

"पत्रं कोण लिहितं आता?"

तिचा पत्राकामाचा छोटा कारखाना होता. एक प्रेस, एक पत्रा वाकवायचं यंत्र आणि आठ बायका. घरांच्या फाटकावर लावायच्या पत्रपेट्या आणि मीटरच्या पेट्या करून तिने बावीस वर्षं काढली. मागणी आटत आटत गेली होती. वर्षभर डोकं घालून तिने हे कॅबिनेट तयार केलं होतं.

"एक ऐक, दादा," ती म्हणाली. "बहीण म्हणून एक शब्द जास्त नको मला."

"कमीच मिळेल कदाचित. घरचं माणूस म्हटलं की माझा हात आखडतो."

"ते मला ठाऊक आहे. लहानपणी खाऊची वाटणी तूच करायचास. माझा तुकडा कायम बारीक." तिने चहाचा घोट घेतला. "बाई, तुम्ही साक्षीला आहात हं. कमीही नको म्हणावं."

पाणीवाले खोकं उघडता उघडता थांबले. "आणि 'पाणी' नाही आलं तर?"

"तर प्रेस विकते," ती सहज म्हणाली. इतकी सहज, की हे वाक्य तिने घरी पुष्कळदा म्हणून पाहिलं असणार. "बायकांना सांगून ठेवलंय. दादाचं कार्ड येऊ द्या, मग बघू."

पाणीवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "चला."

अंगठा कडांवरून फिरला आणि एके ठिकाणी थांबून परत मागे आला. प्रत्येक कड आत मुडपलेली होती, अगदी जिथे कोणाचा हात कधी जाणार नाही तिथलीही. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग बाजूच्या झाकणावर टिचकी मारली. पत्रा थरथरला. आमच्याकडे वादळाच्या प्रवेशाला विंगेत पत्रा हलवायचे, तसा आवाज.

"बाई, तुमचा गडगडाट," पाणीवाले म्हणाले. "पातळ आहे, ठमे."

"आहे. जाड घेतला तर स्वस्त राहत नाही."

"वाजेल."

"वाजेल," तिने कबूल केलं.

पुढच्या बाजूला काचेऐवजी तिने बारीक भोकांची जाळी केली होती. दिसायला साधी, पण हात धरला तर वारा सरळ आत जात होता. मागे केबलींना दोन बोटं जागा. खाली एक रबरी पाय हाताला निघून आला, तो त्यांनी टेबलावर तिच्यासमोर ठेवला. तिने तो गुपचूप एप्रनच्या खिशात टाकला.

मग ठोकळा आला. काळ्या कापडी टेपने गुंडाळलेला, कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या. पाणीवाल्यांनी मदरबोर्ड बसवला, ठोकळा दोन हातांनी धरून छताखाली नेला आणि सरकवला. अर्धा गेला. पुढे अडला. त्यांनी बाहेर काढला, दुसऱ्या टोकाने घातला. अडला. पेटी आडवी केली, पुन्हा घातला. तीन वेळा. जोर एकदाही लावला नाही.

"जात नाही."

"मी पंचावन्न ठेवलेत, दादा."

"चित्रात ठेवले असशील."

"पत्र्यात ठेवलेत. रंगाचं अर्धं गेलं असं धर, तरी साडेचोपन्न उरतात."

"ठोकळा जात नाही, ठमे."

तिचा हात एप्रनच्या खिशात गेला. तिथे तिची व्हर्निअर असायची, पत्र्याची जाडी मोजायची ती पकडीसारखी पट्टी. तिच्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. मी पाहत होते. हात खिशात गेला, थोडा वेळ तिथेच राहिला आणि रिकामा बाहेर आला. एक शब्द जास्त नको, हे तिचं तिनेच म्हटलेलं होतं.

"बरं," ती म्हणाली.

पाणीवाल्यांनी कार्डावर लिहिलं, 'हवा'. त्यांचं अक्षर सुरेख. त्या दिवशीही सुरेखच आलं.

तिने चहाचा पेला विसळून किटलीजवळ पालथा घातला, दारापर्यंत गेली, वळली. "जेवलास का?"

"जेवलो."

जेवले नव्हते. डबा माझ्या तिवईवर तसाच होता, तो तिला दिसतही होता. ती गेली. त्या दिवशी पाणीवाल्यांनी दुसरं खोकं उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटली ठेवायला आले तर ते आधीच टेबलाशी उभे. बहिणीची पेटी उघडी, हातात पोलादी पट्टी.

"आज लवकर?" मी विचारलं.

"एक गोष्ट पटत नाहीये, बाई. एवढ्या पातळ पत्र्याची प्रत्येक कड मुडपली आहे तिने. असा हात असलेली बाई छताच्या जागेत चुकते कशी?"

पट्टी आत धरून त्यांनी मोजलं. साडेचोपन्न. तिने सांगितले होते तेवढेच. ते जरा वेळ तसेच वाकून राहिले. मग पट्टी ठोकळ्याला लावली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला.

"जरा इकडे या. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही आता. हे किती दिसतं?"

मी दिव्याखाली वाकले. "पंचावन्न. आणि वर अर्ध्याहून जरासं जास्त."

"बावन्न दिसायला हवं."

"लाकूड फुगलं असेल, अहो. इथे ओल आहे."

"लाकूड नाही फुगलं," पाणीवाले म्हणाले. "मी फुगवलं."

ते स्टुलावर बसले आणि नखाने टेपचं टोक शोधू लागले.

झालं होतं ते असं. स्वस्त पेट्यांचा रंग कच्चा असतो. लाकडाच्या कोपऱ्याने ओरखडा उठला तर नमुन्याचा मालक येऊन डोळे वटारायचा. म्हणून सुरुवातीलाच त्यांनी ठोकळ्याला कापडी टेप लावली. ती झिजली, सुटू लागली, तेव्हा तिच्यावर दुसरी. मग तिसरी. जुनी सोलून काढायला वेळ कोणाला होता? प्रत्येक थर जेमतेम नखाएवढा. पण दोन्ही बाजूंना, आणि नऊ वर्षं.

पहिला थर सहज निघाला. तो दोनच महिन्यांपूर्वीचा. त्याखाली तपकिरी पट्टी होती, खोकी बंद करतात ती. "मुलगी परदेशी गेली तेव्हाची," ते म्हणाले. "तिच्या सामानाला लावून उरली होती." मी ते दिवस पाहिले आहेत. महिनाभर हा माणूस प्रत्येक खोकं उघडण्याआधी त्यावरचा पत्ता वाचायचा. त्याखाली पुन्हा काळी, चिवट, डिंक चिकटून राहिलेली. ती त्यांनी किटलीच्या वाफेवर धरून सोडवली. आणि मग पांढरी आली. बारीक विणीची, कडेला पिवळी पडलेली. दवाखान्यातली.

इथे त्यांचा हात थांबला.

बायको शेवटच्या आजारात सात महिने अंथरुणाला खिळून होती. पाणीवाले सकाळी तिची जखम बांधून कामावर यायचे आणि संध्याकाळी जाऊन पुन्हा बांधायचे. त्या सात महिन्यांत इथे कार्डं थांबली नाहीत. ती पट्टी खिशात राहिली असेल, इकडे टेप सुटलेली दिसली असेल, लावून टाकली असेल. त्यांना आठवतही नव्हतं. त्यांनी ती हळूहळू सोलली, पण इतर पट्ट्यांसारखी टोपलीत टाकली नाही. टेबलाच्या कडेला, आतल्या बाजूने, चिकटवून ठेवली.

खाली आणखी दोन काळे थर. आणि मग सिंहासनाचा लाल रंग, आणि त्यावर पेन्सिलीने, सुरेख अक्षरात, '५२'.

टेबलावर चिकट पट्ट्यांचा ढीग झाला होता. पाणीवाले त्याच्याकडे बघत राहिले. "दर वेळी वाटायचं, मी काळजी घेतोय," ते म्हणाले. जरा वेळाने, "किती जणांना 'हवा' लिहिलं असेल मी, बाई?"

मी चहा ओतला.

अकराच्या सुमाराला मालक आले. पायऱ्या चढून रंगमंचावर येताना ते नेहमी दोन्ही हात पसरतात, टाळ्या पडत असल्यासारखे. पाणीवाल्यांनी सगळं सांगितलं तशी हात खाली आले.

"हात्तिच्या, एवढंच ना?" ते शेवटी म्हणाले. "टेप काढलीत, ठोकळा सरळ झाला. बहिणीच्या कार्डावर 'पाणी' लिहून मोकळे व्हा. कोणाला कळतंय?"

"कोणाला कळत नाही म्हणूनच नऊ वर्षं चाललं."

"मग आता काय, गळ्यात पाटी अडकवून बाजारभर फिरणार?"

"नाही. बाल्कनी उतरवायची."

मालकांनी वर बघितलं. मीही बघितलं. आमच्या नाटकगृहाच्या बाल्कनीतल्या खुर्च्या तेवढ्या शिल्लक आहेत. 'परत' किंवा 'हवा' झालेले जे नमुने त्यांचे मालक न्यायला आले नाहीत, ते वर खुर्च्यांवर ठेवलेले असत. प्रत्येक खुर्चीवर एक पेटी, तोंड रंगमंचाकडे. इतकी वर्षं त्या खालचं काम बघत बसल्या होत्या.

"आज एकट्या तिचं कार्ड बदललं," पाणीवाले म्हणाले, "तर उद्या दुकानदार म्हणतील, बहीण आली आणि ठोकळा वाळला. तिचा माल चांगला असला तरी कोणी खरं मानणार नाही. आधी वरचे सगळे. तिचं शेवटी. आणि ठोकळा नको. खरा रेडिएटर द्या."

"पात्या वाकतील!"

"म्हणून तुम्हीच बसवा. तुमच्या हाताने."

"मी मालक आहे की मिस्त्री?" मालक म्हणाले. पण बाह्या दुमडल्या. सांगितलं ना, माणूस दिलदार.

जागा कमी म्हणून 'हवा' झालेल्या सतरा पेट्या वर निघाल्या. दोन हमाल आणि पाणीवाले स्वतः, असे दिवसभर चढत-उतरत होते. त्यांचे गुडघे दुखरे. चौथ्या फेरीनंतर ते मधल्या पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. मी म्हटलं, "हमालांना करू द्या की." तर म्हणाले, "वर मी पाठवलंय त्यांना."

एकेक पेटी टेबलावर यायची, धूळ पुसायची, मालक श्वास रोखून रेडिएटर छताखाली न्यायचे. अडला. अडला. अडला. मालकांचा चेहरा खुलायला लागला. पाणीवाले फारसे चुकलेले नव्हते. सहावी पेटी आली आणि रेडिएटर सुळकन आत गेला. पाणीवाल्यांनी जुनं कार्ड वाचलं, तारीख बघितली, कार्ड बाजूला ठेवलं. सतरा संपल्या तेव्हा बाजूला चार कार्डं होती.

मग ठमीची पेटी.

मालकांचा हात आता सरावला होता. रेडिएटर वर गेला, पंख्यांसकट, आणि मदरबोर्डाच्या वर एखाद्या जाड पुस्तकाचा पुठ्ठा सरकेल एवढी फट राहिली. स्क्रू सरळ लागले. "बसला!" मालक ओरडले.

"थांबा." पाणीवाल्यांनी पंप जोडला, चालू केला आणि तासभर पूर्ण जोराने चालवला. आम्ही तिघे बघत बसलो, जसं काही आत दिवा लावून कोणी नाचणार होतं. जाळीतून वारा आत जात होता, तापमानाचा आकडा एका जागी ठरला आणि हलला नाही. फक्त बाजूचा पत्रा गुणगुणत होता. पाणीवाल्यांनी मधोमध एक बोट टेकवलं, तो गप्प झाला. उचललं, पुन्हा गुणगुणायला लागला.

"लिहा मग," मालक म्हणाले.

पाणीवाल्यांनी कोरं कार्ड आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्ही बसवलंत, तुम्ही लिहा."

मालकांचं अक्षर कोंबड्याच्या पायासारखं. त्यांनी तसलंच 'पाणी' लिहिलं. पाणीवाल्यांनी कार्ड हातात घेतलं, वाचलं, आणि खाली आपल्या सुरेख अक्षरात दोन शब्द जोडले, 'पत्रा वाजतो.'

माझ्या खोलीतल्या फोनवरून त्यांनी ठमीला टेपपासूनचं सगळं सांगितलं, आणि पुढचे दोन दिवस त्याच फोनवरून त्या चार जणांना शोधण्यात घालवले. एकाचा नंबरच बंद होता. एकाला ते कॅबिनेट आठवेना. तिसऱ्याने दहा मिनिटं शिव्या घातल्या. पाणीवाले फोन कानाला लावून "हो", "खरं आहे", "हो" म्हणत उभे होते. ठेवल्यावर म्हणाले, "हा बरा." चौथा मात्र फार चांगला बोलला. "अहो, आम्ही कॅबिनेट केव्हाच सोडलं. आता कपाटं करतो, बरं चाललंय. तुम्ही कशाला मनाला लावून घेता, काका?" तो फोन ठेवून ते माझ्या बाजेवर बसले आणि बसल्या बसल्याच झोपले. आणि जे आपला नमुना उचलून घेऊन गेले होते, त्यांचा तर पत्ताच कुठे नव्हता.

दुकानदारांना त्यांनी स्वतःच सांगितलं. काही हसले, काहींनी मान हलवली. एक जण म्हणाला, "म्हणजे आता तुमच्या कार्डावर विश्वास ठेवायचा की नाही?" पाणीवाले म्हणाले, "बसवून बघा आणि मग ठेवा." त्या आठवड्यात दोघा-तिघांनी खरंच बसवून बघितलं. ठमीच्या पेटीची पहिली खोकी त्यानंतर गेली.

आठ दिवसांनी पुन्हा पाय आपटत आल्याचा आवाज आला. या वेळी एका हातात नवा नमुना आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"कोणी जिवंत आहे का?"

"अजून आहे," पाणीवाले म्हणाले.

तिने पेटी ठेवली आणि बाजूच्या झाकणावर स्वतःच टिचकी मारली. आवाज दबका आला. पत्र्याच्या मधोमध तिने एक उभी घडी टाकली होती. "नाही वाजत. बायकांनी सुचवलं. मला नाही हो सुचलं, बाई." मग तिने वर्तमानपत्र सोडलं. आत पोलादी पत्र्याचा ठोकळा होता, लांब, पोकळ, हलका. सगळे कोपरे गोल, सगळ्या कडा आत मुडपलेल्या. एका बाजूला ठोकून उमटवलेला आकडा, ५२.

"लाकूड पुरे झालं आता," ती म्हणाली. "याने ओरखडा उठणार नाही. टेप लागणार नाही. घे."

पाणीवाल्यांनी तो हातात घेतला. दिव्याखाली धरला. अंगठा एका कडेवरून निघाला तो चारी बाजू फिरून परत आला. कुठे अडला नाही. चेहरा थकलेलाच होता. पण मी त्यांना इतका हळू एखाद्या वस्तूला हात लावताना पाहिलं नव्हतं.

"बरोबर बावन्न आहे," ती म्हणाली. "मी स्वतः केलाय, दादा."

त्यांनी ठोकळा टेबलावर ठेवला, स्टूल पुढे ओढून बसले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि तिच्या एप्रनच्या खिशाकडे हात पसरला.

"व्हर्निअर दे, ठमे. आधी हा मोजू."